मोटारीच्या पॉलिशमधील सिलिका : बाटलीत निर्धोक, कोरड्या पोत्यात नव्हे

नवी दिल्ली : परदेशातून येणाऱ्या मोटार-पॉलिशच्या काही बाटल्यांवर मागील बाजूस बारीक अक्षरांत एक इशारा छापलेला असतो. या उत्पादनात कर्करोगास कारणीभूत ठरणारा पदार्थ असल्याचे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याला ज्ञात आहे, अशा अर्थाचा तो मजकूर वाचून ग्राहक बुचकळ्यात पडतो. रविवारी सकाळी दारात उभ्या असलेल्या मोटारीला चमक आणण्यासाठी घेतलेल्या वस्तूत कर्करोगाचा विषय कोठून आला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र बाटलीतल्या द्रवापेक्षा, तो द्रव तयार होण्यापूर्वी पोत्यात भरलेल्या भुकटीकडे घेऊन जाते.

कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये जनमताने मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन ६५’ या कायद्यानुसार राज्य सरकार कर्करोग किंवा प्रजननविषयक हानी करणाऱ्या रसायनांची यादी ठेवते आणि विक्रेत्यांना त्यांबाबत इशारा द्यावा लागतो. स्फटिकी सिलिका या यादीत १९८८ पासून आहे. परंतु तिच्या नोंदीतच एक मर्यादा घातलेली आहे : श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतील एवढे सूक्ष्म आणि हवेत तरंगणारे कण. ओल्या, दाट पॉलिशमध्ये बांधले गेलेले कण या व्याख्येत सहसा बसत नाहीत. शिवाय यादीत शेकडो रसायने असल्याने बाटलीवरचा इशारा सिलिकेसाठीच आहे असेही नाही. तो एखाद्या द्रावकासाठीही असू शकतो. इशारा वाचून बाटली फेकून देण्याचे कारण नाही. तो निरर्थक समजून सोडून देणेही तितकेच चुकीचे आहे.

पॉलिशमध्ये खनिज कशासाठी

मोटारीचे पॉलिश म्हणजे ढोबळमानाने पाणी, पेट्रोलियमजन्य द्रावक, सिलिकोन तेल किंवा मेण, हे सर्व एकजीव ठेवणारी पायसीकारके आणि एक अपघर्षक, म्हणजे घासणारे खनिज. मेण आणि तेल चमक देतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो आणि रंग खोल, ओला दिसतो; सूक्ष्म ओरखड्यांमुळे तो विखुरला की तोच रंग पांढुरका भासतो. ओरखड्यांच्या कडा झिजवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करण्याचे काम खनिज करते. मेण त्यानंतरचे.

या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या आणि स्वस्त खनिजांपैकी एक म्हणजे डायटोमाइट, अर्थात डायाटमी माती. डायाटम हे पाण्यात राहणारे एकपेशीय शैवल. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून ते स्वतःभोवती काचेसारखे कवच बांधते. हे कवच दोन भागांचे असते आणि एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. कुंकवाच्या करंड्याशी असलेल्या या साम्यामुळे मराठीत या शैवलांना ‘करंडक’ असेही म्हणतात. शैवल मेले की कवचे तळाशी साचतात आणि लाखो वर्षांत त्यांचे जाड थर होतात. कॅलिफोर्नियातील लोम्पोक येथील साठे जगात प्रसिद्ध आहेत. जर्मनीत ही माती ‘किझेलगुर’ या नावाने ओळखली जाई; अत्यंत अस्थिर असलेले नायट्रोग्लिसरीन याच मातीत जिरवून आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. आजही बिअर आणि साखरेच्या पाकाची गाळणी, रंगांतील भरण, धान्यातील किडींचा नाश अशा परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक कामांत ती वापरली जाते.

पॉलिशसाठी तिचा गुण तिच्या रचनेत आहे. कवच बनलेले असते ओपलसदृश सिलिकेचे, ज्याची कठीणता मोजच्या मापनश्रेणीवर साधारण ५.५ ते ६.५ भरते. या श्रेणीवर शंखजिरे १, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे खनिज ७, कुरुविंद ९ आणि हिरा १० वर आहे. म्हणजे डायाटमचे कवच रंगाच्या थरापेक्षा कठीण, पण ते पोकळ, जाळीदार आणि ठिसूळ. कापडाखाली ते प्रथम घासते आणि दाब वाढला की स्वतःच मोडून अधिक बारीक होते. त्यामुळे सुरुवातीला ओरखडा झिजवणारे खनिज शेवटी केवळ गुळगुळीत करण्याचे काम करते. दुसरा गुण शोषणाचा. कवचांतील असंख्य छिद्रांमुळे ही भुकटी स्वतःच्या वजनाहून अधिक द्रव धरून ठेवू शकते. द्रावक उडून गेल्यावर पृष्ठभागावर जो पांढरा धुरकट पापुद्रा दिसतो, त्यात रंगाचा सुटलेला थर, जुने तेल आणि मळ शोषून बसलेले हेच खनिज असते. तो पापुद्रा पुसला की मळही जातो. बंपरच्या काळ्या, खडबडीत प्लास्टिकवर तो राहून गेला तर महिनोन्‌महिने निघत नाही, याचा अनुभव बहुतेक मोटारमालकांना आहे.

पूर्वीच्या मोटारींना रंगाचे एकसारखेच थर दिलेले असत. उन्हाने वरचा थर खडूसारखा होई आणि रबिंग कंपाउंडने घासल्यावर मोटारीचाच रंग फडक्यावर उतरे. १९८० च्या दशकापासून रंगावर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ देण्याची पद्धत रूढ झाली आणि अपघर्षकाचे गणित बदलले. हा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, मानवी केसापेक्षाही पातळ. जोरदार कंपाउंडिंगमध्ये त्यातील काही मायक्रॉन कायमचे जातात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असल्याने दर सहा महिन्यांनी ‘बफिंग’ करून घेणारा मालक मोटारीचे आयुष्य वाढवत नसून तिचे कवच झिजवत असतो. दरवाजाच्या कडा आणि बॉनेटच्या घड्या येथे थर आणखी पातळ असतो. यंत्राने रंग उघडा पडतो तो प्रथम तेथेच.

या नव्या थरासाठी अनेक उत्पादकांनी सिलिकेऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे ॲल्युमिनाची, काटेकोर आकाराची भुकटी स्वीकारली. ती अधिक कठीण असली तरी कण एकसारखे आणि अतिसूक्ष्म असल्याने खोल ओरखडा पडत नाही. स्वस्त रबिंग कंपाउंड आणि धातूंच्या पॉलिशमध्ये सिलिकाजन्य खनिजे मात्र अद्याप टिकून आहेत.

येथे एक गोष्ट नमूद करावी लागेल. आपल्या शहरांतील मोटारींवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पुष्कळदा पॉलिशने पडलेले नसतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असते आणि ते डायाटमच्या कवचाहून कठीण असते. गृहसंकुलांत रोज पहाटे कोरड्या किंवा एकाच बादलीत बुचकळलेल्या फडक्याने जी मोटार पुसली जाते, तिच्यावर प्रत्यक्षात दररोज एक अपघर्षक चालवला जातो. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ वाहून जाऊ देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सिलिका एक, रूपे दोन

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. तिचे रेणू शिस्तीत रचले गेले की स्फटिकी सिलिका होते. क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट ही तिची दोन महत्त्वाची रूपे. रचना विस्कळीत राहिली तर ती अस्फटिकी. रासायनिक सूत्र दोन्हींचे एकच, परंतु फुप्फुसात दोन्हींचे वर्तन एकसारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये, कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइटला मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात टाकले. अस्फटिकी सिलिकेला तिने तिसऱ्या गटात ठेवले. म्हणजे कर्करोगकारक ठरवण्यास पुरेसा पुरावा नाही.

खाणीतून निघालेली डायाटमी माती मुख्यतः अस्फटिकी असते, तिच्यात थोडेफार क्वार्ट्झ मिसळलेले असू शकते. पण ती तशीच क्वचित विकली जाते, असे म्हणण्याइतपत तिच्यावर प्रक्रिया होते. गाळणीसाठी आणि भरणासाठी लागणारी माती भट्टीत ९०० अंश सेल्सिअस आणि त्याहून अधिक तापमानाला भाजतात. या उष्णतेत विस्कळीत रेणू शिस्तीत येऊ लागतात आणि अस्फटिकी सिलिकेचे क्रिस्टोबलाइट बनते. सोडा ॲश मिसळून भाजल्यास हे रूपांतर अधिक वेगाने होते. अशा मालात निम्म्याहूनही अधिक भाग क्रिस्टोबलाइटचा असू शकतो. समुद्रतळावर तयार झालेले शैवलाचे निरुपद्रवी कवच भट्टीतून बाहेर पडताना कर्करोगकारकांच्या पंगतीत जाऊन बसते.

नैसर्गिक माती सामान्यतः राखाडी किंवा मळकट पांढरी, साधी भाजलेली लोहाच्या ऑक्साइडमुळे गुलाबीसर आणि सोडा ॲशसह भाजलेली पांढरीशुभ्र दिसते. रंगावरून निर्णय करणे धोक्याचे आहे, पण शुभ्र म्हणजे शुद्ध आणि शुद्ध म्हणजे सुरक्षित ही आपली सवयीची समजूत येथे नेमकी उलटी पडू शकते. खात्रीचा मार्ग म्हणजे मालासोबतचे सुरक्षा माहितीपत्रक. त्यात प्रत्येक पदार्थाचा ‘कॅस’ क्रमांक असतो. नैसर्गिक डायाटमी मातीचा क्रमांक ६१७९०-५३-२, साध्या भाजलेल्या मातीचा ९१०५३-३९-३ आणि सोडा ॲशसह भाजलेल्या मातीचा ६८८५५-५४-९. क्रिस्टोबलाइट स्वतंत्रपणे १४४६४-४६-१ आणि क्वार्ट्झ १४८०८-६०-७ या क्रमांकाने नोंदवले जाते; त्यांच्यापुढील टक्केवारी हीच त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ.

नावांचा घोळ यात भर घालतो. बाजारात ‘ट्रिपोली’ म्हणून ओळखली जाणारी भुकटी धातू चकचकीत करण्याच्या वड्यांमध्ये असते. एकेकाळी उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीकडून येणाऱ्या डायाटमी मातीलाही हेच नाव होते. परंतु आज बहुधा या नावाने जे मिळते ते सूक्ष्मस्फटिकी क्वार्ट्झ असते. म्हणजे एकाच नावाखाली दोन भिन्न धोक्यांचे पदार्थ. दुसरा गोंधळ सिलिका आणि सिलिकोन यांचा. पॉलिशमधील सिलिकोन हे तेल आहे, त्याने सिलिकोसिस होत नाही. त्याचा उपद्रव वेगळा : पत्र्यावर त्याचा अंश राहिला आणि त्यावर नवा रंग मारला, तर रंग फाटून माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. गॅरेजमधील रंगारी त्याच्या नावाने बोटे मोडतात ते यासाठी.

धोका कोणाला

बाटलीतील पॉलिश हाताने लावणाऱ्या ग्राहकाला त्यातील खनिजापासून सिलिकोसिस होण्याची शक्यता नगण्य आहे. कण ओले, तेलाने वेढलेले असतात. वाळलेला पापुद्रा पुसताना उडणारी धूळ अल्प असते आणि ती वर्षातून दोन-चार वेळा उडते. ग्राहकाला खरी काळजी द्रावकाची घ्यावी लागते. बंद गॅरेजमध्ये त्याच्या वाफेने डोके दुखते, ते ज्वालाग्राही असते, आणि लहान मुलाने पातळ पॉलिश गिळले तर पोटापेक्षा फुप्फुसात उतरून ते अधिक घातक ठरू शकते. अशा वेळी मुलाला उलटी करवू नये. बाटलीसह तातडीने रुग्णालय गाठावे.

चित्र बदलते ते पॉलिश जेथे तयार होते तेथे. भुकटीचे पोते फाडून मिश्रणाच्या पिंपात रिकामे करताना, रिकामे पोते झटकून घडी घालताना आणि सांडलेली भुकटी कोरड्या झाडूने लोटताना खनिज आपल्या मूळ, कोरड्या रूपात हवेत जाते. ही भुकटी हलकी असल्याने बराच वेळ तरंगत राहते. साधारण चार मायक्रॉनहून लहान कण नाक आणि घसा ओलांडून फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण स्फटिकी सिलिका पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. कण मोकळा होऊन पुढच्या पेशीला मारतो. या न संपणाऱ्या दाहातून फुप्फुसात कठीण, तंतुमय गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. त्यावर उपचार नाही, आणि धुळीतील काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. कॅलिफोर्नियातील डायटोमाइट उद्योगातील कामगारांच्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने आणि इतर श्वसनविकारांनी होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले, आणि स्फटिकी सिलिकेचा संपर्क जितका अधिक तितके ते प्रमाण वाढलेले दिसले. कर्करोग संशोधन संस्थेच्या १९९७ च्या निर्णयामागील पुराव्यात या अभ्यासाचाही समावेश होता.

किती धूळ पुरेशी होते? अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी श्वसनयोग्य स्फटिकी सिलिकेची मर्यादा हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवली. एका पाळीत कामगार सुमारे १० घनमीटर हवा श्वासात घेतो असे धरले, तर ही मर्यादा दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमची होते. मिठाचे मोजके कण वजनाने तेवढे भरतात. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत सरळ आकड्याऐवजी सूत्र दिले होते : धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून त्याने दहाला भागावे, येणारा आकडा म्हणजे प्रति घनमीटर मिलिग्रॅममध्ये श्वसनयोग्य धुळीची मर्यादा. क्रिस्टोबलाइटसाठी त्याच्या निम्मी. निम्मे क्रिस्टोबलाइट असलेल्या धुळीला हे सूत्र लावले, तर क्रिस्टोबलाइटची मर्यादा सुमारे ४८ मायक्रोग्रॅम येते, म्हणजे अमेरिकी मर्यादेएवढीच. निव्वळ क्वार्ट्झसाठी मात्र ती सुमारे ९८, जवळपास दुप्पट. कागदावरचे अंतर यापेक्षा मोठे नाही. अंतर आहे ते मोजण्यात. कारण हवेचा नमुना घेतलाच नाही तर कोणतेही सूत्र लावता येत नाही.

सिलिकेच्या धुळीची किंमत देशाने इतर उद्योगांत मोजलेली आहे. मध्य प्रदेशातील मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार, गुजरातमधील खंभातचे अकीक घासणारे कारागीर, गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेलेले झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी, या सर्वांचे आजार अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोग यांच्या दप्तरी नोंदले गेले आहेत. गोध्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. पॉलिशच्या कारखान्यातील धूळ दगड दळणाऱ्या गिरणीएवढी दाट नसते, हे खरे. पण कण तोच आणि फुप्फुसही तेच.

मोटारीच्या जगात कोरडी धूळ आणखी एका ठिकाणी उडते, ते म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर भरलेली लांबी वाळल्यावर कोरड्या कागदाने किंवा यंत्राने घासली की पांढरा ढग उठतो. लांबीत प्रामुख्याने शंखजिरे आणि चुनखडीसारखी भरणद्रव्ये असतात, पण काहींत स्फटिकी सिलिकेचाही अंश असतो. येथे ‘वॉटर पेपर’ने पाणी घालून घासण्याची जुनी पद्धत फुप्फुसाच्या दृष्टीने अधिक सुज्ञ आहे. तोंडावर बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, वायुकोशापर्यंत जाणारा कण नव्हे. त्यासाठी एन-९५ किंवा आय एस ९४७३ या भारतीय मानकाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढीवर तोही नीट बसत नाही.

कारखान्यात मास्क हा शेवटचा उपाय मानला जातो. भुकटी टाकण्याच्या तोंडाशीच धूळ खेचून घेणारी यंत्रणा, कोरड्या झाडूऐवजी पाणी किंवा निर्वात यंत्र, आणि मुळात भाजलेल्या मातीऐवजी अस्फटिकी नैसर्गिक माती अथवा ॲल्युमिना वापरणे, हे क्रमाने त्याच्या आधी येते. बागेसाठी किंवा मुंग्या-झुरळांसाठी ही माती घरी मागवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी विकली जाणारी माती भाजलेली असते. ती घरात भुरभुरवण्याची वस्तू नाही.

सिलिकोसिस हा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो तसाच आहे. तरीही तो नोंदीत कमी दिसतो, याचे एक कारण क्षयरोग. दोन्हींत खोकला, दम आणि वजन घटणे. क्ष-किरण चित्रातील डागही वरकरणी सारखे. शिवाय सिलिकेने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात, त्यामुळे दोन्ही आजार एकत्रही असतात. क्षयाची औषधे पूर्ण घेऊनही ज्याचा दम जात नाही, अशा रुग्णाचे निदान बहुतेक वेळा एका प्रश्नावर येऊन ठरते : गेल्या वीस वर्षांत काम कोठे आणि कशाचे केले? कंत्राटी कामगाराकडे त्याचा लेखी पुरावा क्वचितच असतो. पोत्यावर काय लिहिले होते, हे त्याला आठवले तरी डॉक्टरचे निम्मे काम होते.